शरणपूरचें नांव

नाशकास येणारा यात्रेकरू गोदावरींत स्नान करतो, पंचवटी पाहतो, काळ्या रामाचें दर्शन घेतो आणि परततो. शरणपूर रस्त्यानें जातांना या नांवाचा अर्थ काय, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येतो. नाशिककरांच्याही तें नांव इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यामागील इतिहासाची आठवण सहसा निघत नाहीं. त्या इतिहासांतील एक प्रकरण आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीनें नाशकाबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. त्या काळीं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरांत होता. इंग्रजी आरमारानें अरबी गलबतांतून सोडविलेलीं मुलें मुंबईस उतरविलीं जात, आणि त्यांतलीं अनेक शरणपुरास धाडलीं जात. तेथें रे. विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखालीं तीं लिहिणेंवाचणें, सुतारकी व लोहारकी शिकत. डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर आफ्रिकेंतून इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट याच शाळेचा विद्यार्थी. पण आमच्या कथेचा नायक तो नव्हे. त्याच्याहून कमी प्रसिद्ध असा विल्यम जोन्स हा होय.

जोन्स याओ जमातीचा. बाळपणीं तो गुलाम म्हणून विकला गेला, सुटला, आणि नाशकास येऊन वाढला. 1864 सालीं तो मोंबासाजवळील टेकड्यांवर असलेल्या रबई या गांवीं मिशनच्या कामास गेला. 1885 सालीं बिशप हॅनिंग्टन यांनीं त्यास धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षीं रे. जोन्स बिशपांबरोबर युगांडाच्या वाटेस लागले. थोडीं माणसें घेऊन पुढें गेलेल्या बिशपांचा राजा म्वांगा याच्या हुकुमानें वध झाला. मागें राहिलेला तांडा शेंकडों मैल चालवून रबईस परत आणण्याचें काम जोन्स यांच्यावर पडलें, व तें त्यांनीं पार पाडलें.

परंतु राजाच्या भाल्याहून कठीण परीक्षा रबईंतच व्हावयाची होती. मोंबासाच्या मुलखांतून पळालेले गुलाम तेथें आश्रयास येत. त्यांचे मालक हत्यारबंद व धनवान. झांझिबारच्या सुलतानाच्या राज्यांत गुलामगिरी कायदेशीर असल्यानें त्यांचा दावा कायद्यास धरून होता. इंग्रज वकिलास सुलतानाशीं सख्य राखावयाचें होतें. आणि पळालेल्यांस थारा देऊं नये, असा खुद्द मिशनचाही आदेश होता. शस्त्र, कायदा, सरकार आणि ज्यांची भाकर खावयाची ते वडीलधारी, असे चौघे एका बाजूस उभे राहिले. जोन्स यांनीं बंडाची भाषा केली नाहीं. मात्र आलेल्या माणसास दारांतून परतविलें नाहीं.

1888 सालीं मालकांनीं रबई उध्वस्त करण्याची धमकी दिली. त्याच वर्षीं मिशनतर्फे तेथें आले ते दुसरे कोणी नव्हेत, शरणपूरचे प्राइस. वस्तींत पळालेले शेंकडों लोक आहेत, हें पाहून ते अडचणींत पडले. शिष्यानें गुरूस हें आपण होऊन कळविलें नव्हतें. शेवटीं ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी यांनीं मालकांस मोबदला देऊन तंटा मिटविला, आणि 1889 च्या जानेवारींत मुक्ततापत्रें वांटण्यांत आलीं. रबई व आसपासच्या मिशन वस्त्यांतून 1,400 हून अधिक माणसें स्वतंत्र झालीं.

जोन्स यांचें हें मौन निर्दोष होतें काय? वरिष्ठांपासून गोष्ट दडविणें हा दोष खराच, व तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. पण उघड सांगितलें असतें तर त्या माणसांस मालकांच्या हवालीं करण्याचा हुकूम आला असता, हें त्यांना दिसत असलें पाहिजे. बायबलांत पौलानें ओनेसिमास त्याच्या धन्याकडे परत पाठविलें आहे. पळून आलेला दास धन्याच्या हातीं देऊं नये, अशी मोशेची आज्ञाही त्याच ग्रंथांत आहे. बलवानांस पहिला आधार सोयीचा. स्वतः साखळदंड भोगलेल्या माणसानें दुसरा उचलला, यांत नवल तें काय?

पंचवटीच्या परिसरांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हा धर्म परका वाटूं नये. बिभीषण शरण आला तेव्हां सुग्रीवानें हरकत घेतली; रामानें ती मानली नाहीं. श्रद्धेची कसोटी छळ सोसण्यांत लागते असें आपण समजतों. ती तशी लागतेच. पण आपल्या आश्रितास सोडून दिल्यास आपला छळ टळणार असेल, तेव्हां ती अधिक कठोर होते. त्या किनाऱ्यावरील गुलामगिरी कायद्यानें संपावयास 1907 साल उजाडलें. तोंपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ रबईच्या दारीं आलेल्यांपाशीं नव्हता. नाशकांतील त्या लहानशा वस्तीच्या नांवाचा अर्थ तिच्या एका विद्यार्थ्यानें समुद्रापलीकडे खरा करून दाखविला. शरणपूर रस्त्यानें जातांना एवढें स्मरण ठेवण्यास काय हरकत आहे?