मरिंबा नेमका कुठला? उगम शोधताना पुरावे कसे तोलायचे

तुमच्यापैकी अनेकांच्या संशोधन आराखड्यात एक वाक्य हमखास असतं: अमुक गोष्टीचा उगम अमुक ठिकाणी झाला. वाक्य छोटंसंच, पण ते सिद्ध करायला काय काय लागतं? आज एका वाद्याच्या उदाहरणावरून बघू या. वाद्याचं नाव मरिंबा.

मरिंबा म्हणजे काय, तर स्वरांप्रमाणे ओळीनं मांडलेल्या लाकडी पट्ट्या, ज्या काठीनं वाजवायच्या. आपल्याकडचं काष्ठतरंग पाहिलं असेल तर अंदाज येईल. मरिंबात मात्र प्रत्येक पट्टीखाली आवाज घुमवणारा पोकळ भाग असतो. जुन्या वाद्यांत तो वाळवलेला भोपळा, नंतर लाकडी खोकं आणि आजच्या मैफिलीच्या वाद्यांत धातूची नळी.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशानं १९७८ साली मरिंबाला राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित केलं. त्यामुळे ‘हे वाद्य कुणाचं?’ हा प्रश्न तिथे अस्मितेचा आहे. काहींच्या मते ते माया लोकांचं, स्पॅनिश लोक येण्याआधीपासूनचं. बरेच अभ्यासक म्हणतात, ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आलं. ए. एम. जोन्स यांनी तर १९६४ च्या पुस्तकात आफ्रिकेतल्या अशा वाद्यांचा संबंध थेट इंडोनेशियाशी जोडला. आता पुरावे एकेक करून तपासू.

पहिला पुरावा तारखेचा. ग्वाटेमालातल्या मरिंबाचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून १६८० हे साल सगळीकडे दिलेलं दिसेल. त्या वर्षी नव्या कॅथेड्रलच्या उत्सवात स्थानिक आदिवासी वादकांनी मरिंबा वाजवला, असं सांगितलं जातं. पण हे लिहिलंय कुणी? दोमिंगो हुआरोस या धर्मगुरू-इतिहासकारानं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे घटना आणि नोंद यांत सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर! याचा अर्थ नोंद खोटी असा नाही. पण तिला प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणता येत नाही. शिवाय पहिला उल्लेख म्हणजे जन्मतारीख नव्हे. वाद्य तोवर तिथे पोचलं होतं, एवढंच त्यातून कळतं.

याच्या शेजारी आफ्रिकेतल्या नोंदी ठेवा. इब्न बतूता १३५२-५३ मध्ये मालीच्या दरबारात होता. खाली छोटे भोपळे लावलेल्या वाद्याचं वर्णन त्यानं केलंय. पुढे जोआओ दोस सांतोस या पोर्तुगीज धर्मगुरूनं आग्नेय आफ्रिकेत स्वतः राहून पाहिलेल्या अशाच भोपळ्यांच्या वाद्याबद्दल लिहिलं. ते पुस्तक १६०९ साली छापलं गेलं. दोघंही तिथे हजर होते, हा फरक महत्त्वाचा.

दुसरा पुरावा शब्दाचा. ‘मरिंबा’ हा शब्द आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधला. तिथे ‘मा’ हा अनेकवचनाचा उपसर्ग आहे आणि ‘रिंबा’ म्हणजे एक पट्टी, असा अर्थ दिला जातो. पुरावा चांगला आहे, पण एकट्याच्या जोरावर पुरत नाही. नाव बाहेरून येऊ शकतं आणि वस्तू आधीपासून घरातली असू शकते. आपला बटाटा आठवा. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण पीक पोर्तुगालचं नव्हे, दक्षिण अमेरिकेचं.

तिसरा पुरावा रचनेचा, आणि इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला खरा फायदा होतो. पट्टी वाजते तेव्हा टोकांपासून साधारण २२ टक्के अंतरावरचे दोन बिंदू जवळजवळ स्थिर राहतात. आधार तिथेच द्यावा लागतो, नाहीतर आवाज दबतो. खालच्या स्वराला मोठा भोपळा आणि वरच्याला लहान, हेही भौतिकशास्त्र ठरवतं. जगात कुणीही असं वाद्य करायला बसला तर इथेच पोचणार. त्यामुळे ही साम्यं समान उगम सिद्ध करत नाहीत.

पण ग्वाटेमालातल्या पारंपरिक मरिंबात आणखी एक गंमत आहे. भोपळ्याला किंवा खोक्याला एक छिद्र असतं आणि त्यावर मेणानं डुकराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पट्टी वाजली की तो थरथरतो आणि स्वराला झंकार येतो, साधारण तंबोऱ्याच्या जवारीसारखा. स्वर निघायला याची काहीच गरज नाही. ती आवडीनं केलेली निवड आहे. आणि नेमकी तीच निवड आफ्रिकेत दिसते. दोस सांतोसच्या वर्णनात भोपळ्याच्या छिद्रावर कोळ्याच्या जाळ्याचा पडदा आहे. म्हणून हे साम्य जड ठरतं. नियम लक्षात ठेवा: जे साम्य निसर्गनियमामुळे भाग पडतं, त्याचं वजन कमी; जे अनावश्यक असूनही जुळतं, त्याचं जास्त.

चौथा पुरावा अभावाचा. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश लेखकांनी मध्य अमेरिकेतली बासरी, ढोल, लाकडी ओंडक्याचं तेपोनाझ्त्ली अशी वाद्यं टिपली. पट्ट्यांच्या वाद्याचं वर्णन मात्र मिळत नाही. लाकूड कुजतं, म्हणून प्रत्यक्ष वाद्य न सापडणं फारसं बोलत नाही. पण इतकं बारकाईनं लिहिणाऱ्यांनी सगळ्यांनीच नेमकं हेच वगळावं, हे बोलकं आहे.

चारही पुरावे एकत्र ठेवले की पारडं आफ्रिकेकडे झुकतं. व्हिडा चेनोवेथ यांचाही १९६४ च्या त्यांच्या अभ्यासात हाच निष्कर्ष होता.

मग ग्वाटेमालाचा दावा खोटा का? नाही, कारण प्रश्न एकच नाहीये. पियानोसारखे सगळे १२ स्वर देणारी पट्ट्यांची दुहेरी मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात झाली. तिचं श्रेय ग्वाटेमालातले सेबास्तियान उर्तादो आणि शेजारच्या मेक्सिकोतल्या चियापासचे कोरासोन बोर्रास यांच्यात वादाचं आहे. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनात उर्तादो बंधूंनी ती अमेरिकन श्रोत्यांना ऐकवली. म्हणजे मूळ कल्पना एकीकडची, आजचं रूप दुसरीकडचं.

ही फोड करणं म्हणजे नुसता काटेकोरपणा नव्हे. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांना स्वतःच्या नोंदी ठेवता आल्या नाहीत. मेणानं चिकटवलेला एक पापुद्रा हीच त्यांची सही उरली आहे. ‘मरिंबा मायांचा’ असं सरसकट लिहिलं की ती पुसली जाते. आणि ‘मरिंबा आफ्रिकेचा’ एवढंच लिहिलं, तर पिढ्यान्‌पिढ्या तो घडवणारे, वाजवणारे माया कारागीर आणि वादक गायब होतात.

तेव्हा तुमच्या आराखड्यातलं ते उगमाचं वाक्य पुन्हा वाचा. उगम कशाचा, नावाचा, रचनेचा की आजच्या रूपाचा? नोंद करणारा तिथे हजर होता का? आणि जे साम्य दाखवताय, ते टाळता आलं असतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. वाक्य बहुतेक बदलेल, आणि तिथूनच तुमचं काम सुरू होईल.