मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी का मोजतात?

नांदेड-लातूरकडच्या गावांमध्ये आजही अनेकांना सल्ला मिळतो, ‘मोतीबिंदू पिकू द्या, सुगी झाल्यावर बघू.’ हा सल्ला महागात का पडू शकतो, हे ऑपरेशनआधीच्या एका तपासणीतून कळतं. तिचं नाव ऑप्टिकल बायोमेट्री.

नेमकं काय मोजतात?

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवतात. तिचा नंबर ठरवायला मुख्यतः दोन मापं लागतात: कॉर्नियाची गोलाई आणि कॉर्नियापासून रेटिनापर्यंतची लांबी. प्रौढांमध्ये ही लांबी सरासरी २३.५ मिलीमीटर असते. मोजण्यात १ मिलीमीटर चूक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे २.५ ते ३ ने चुकतो.

जुनी पद्धत कोणती?

ए-स्कॅन. यात थेंब टाकून डोळा बधिर करतात, कॉर्नियाला प्रोब टेकवतात आणि ध्वनिलहरींवरून लांबी काढतात. प्रोबचा दाब पडला तर लांबी कमी भरते, लेन्स जास्त नंबरची बसते आणि लांबचं धूसर दिसतं.

प्रकाशाने कसं मोजतात?

हनुवटी टेकवून ठिपक्याकडे बघायचं, बस्स. यंत्र डोळ्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडतं. प्रकाशाचा वेग प्रचंड असल्याने परतायला लागलेला वेळ थेट मोजता येत नाही. म्हणून परतलेला प्रकाश दुसऱ्या किरणाशी जुळवून अंतर काढतात. ऑस्ट्रियातले शास्त्रज्ञ अडॉल्फ फेर्चर यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र डोळ्यासाठी वापरलं. १९९९ मध्ये झाइस कंपनीचं ‘आयओएल मास्टर’ बाजारात आलं.

मग अडचण कुठे?

फार पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाश आरपार जात नाही. नवी स्वेप्ट-सोर्स यंत्रं जास्त दाट मोतीबिंदूतूनही मोजतात, पण प्रत्येक वेळी नाही. तेव्हा पुन्हा ध्वनिलहरींकडे वळावं लागतं. शिवाय पिकलेला मोतीबिंदू काढणं अवघड असतं आणि तो फुगला तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

तुम्ही काय कराल?

लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने (पद्मश्री, २००८) यांच्यासारख्या डॉक्टरांच्या शिबिरांमुळे मोफत ऑपरेशन इथे नवीन राहिलेलं नाही. पण ऑपरेशननंतर किती स्पष्ट दिसेल, हे मापावरही अवलंबून असतं. त्यामुळे धूसर दिसू लागताच तपासणी करा. पूर्वी चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. लेन्सचं गणित त्याने बदलतं.