मातीचा रामशेज

दिवाळीत अंगणात किल्ला करणं हा आपल्याकडचा जुना खेळ. दगड-विटा रचायच्या, त्यांवर भिजवलेलं पोतं टाकायचं, मातीचा काला लिंपायचा आणि उतारावर अळीव पेरायचे. मोठ्या वास्तूची लहान प्रतिकृती हाताशी असेल त्या सामानातून घडवण्याचा छंद जगभर आहे. आपल्याकडे तो पोरांनी सांभाळला.

बहुतेक अंगणांत रायगड नाहीतर प्रतापगड असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे, रामशेज नाही. मी दिंडोरीचा माणूस. मला वाटतं, आमच्या तालुक्यातल्या पोरांनी आशेवाडीचा रामशेज करावा.

का, ते ऐका. काळ संभाजी महाराजांचा. १६८२ मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान याने रामशेजला वेढा घातला. त्यानं सुरुंग लावले, मोर्चे बांधले आणि गडावर मारा करण्यासाठी ५०० माणसं मावतील असा लाकडी दमदमा उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. गडकऱ्यांनी लाकूड पोखरून तोफा केल्या आणि झुंज दिली. खान हटला. त्याच्या जागी आलेल्या सरदारालाही यश आलं नाही. हे लिहून ठेवलं कोणी? मोगलांच्याच खाफी खान या इतिहासकारानं, फारसीत. शत्रूची हिकमत त्यानं लपवली नाही. इतिहासाची धर्माप्रमाणे वाटणी करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता प्रमाणाचं गणित. २०० फुटांना एक फूट धरलं, तर सहाफुटी मावळा तांदळाच्या दाण्याएवढा होतो. बाजारातून आणलेली पाच इंची मूर्ती त्याच हिशेबानं ८० फुटांहून उंच भरते! पोरं तरीही महाराजांना मोठंच बसवतात. तिथं माप मनाचं चालतं, त्याला हरकत नाही. दमदमा मात्र मापानंच करावा. सुतळीनं काड्या बांधत तो चढवताना कळतं, की यासाठी केवढं लाकूड तुटलं असेल आणि किती सुतार राबले असतील. पुस्तकातली एक ओळ अशी हातांना समजते.

मोहरमचा ताबूतही प्रतिकृतीच. कर्बल्याच्या इमाम हुसेन यांच्या रौज्याची. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि खळ एवढंच त्याचं सामान. महाराष्ट्रात गावोगावी त्या कामाला हिंदू हातही लागत आले आहेत. पुढं ताबूत थंड होतो, दिवाळीचा किल्लाही पाण्यानं विरघळतो. करणाऱ्यांची ओळख तेवढी उरते, आणि ती फार उपयोगी पडते.

म्हणून यंदा साच्यातला तयार किल्ला आणू नका. मुलांना आशेवाडीला न्या, पायथ्याशी उभं करून कडा नीट पाहू द्या. मग माती कालवायला कुणाकुणाच्या घरची पोरं जमतात, ते मोजत बसू नका. पाणी तेवढं भरून द्या.