व्हेनिस आणि परस्थ : प्रेक्षणीयतेचा इतिहास

एखाद्या नगरात प्रेक्षणीय काय आहे, हे तेथील वास्तूंवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः ते नगर आणि तेथे येणारा परस्थ यांच्यातील नात्यावरून ठरते. आणि हे नाते पालटले म्हणजे तीच वास्तू निराळ्या दृष्टीने पाहिली जाऊ लागते. सात शतकांहून अधिक काळ पाहुण्यांचा राबता असलेले इटलीतील व्हेनिस हे नगर याचे उत्तम उदाहरण होय.

मध्ययुगात व्हेनिसला येणाऱ्या परस्थांत यात्रेकरूंचा भरणा मोठा असे. जेरुसलेमच्या यात्रेची जहाजे तेथून सुटत, आणि जहाज सुटेपर्यंत यात्रेकरूंना कित्येक आठवडे नगरात काढावे लागत. उल्म येथील डॉमिनिकन संन्यासी फेलिक्स फाब्री (१४८० व १४८३) आणि मिलानचा धर्मगुरू पिएत्रो कासोला (१४९४) यांनी आपल्या यात्रांची सविस्तर वर्णने लिहून ठेवली आहेत. अशा यात्रेकरूच्या लेखी नगर पाहणे म्हणजे प्रथमतः संतांच्या अवशेषांचे दर्शन घेणे. इ. स. ८२८ मध्ये अलेक्झांड्रियाहून आणले असे मानले जाणारे संत मार्कचे अवशेष त्यांत प्रमुख होत. परंतु दर्शनाने हा कार्यक्रम संपत नसे. कॉर्पस ख्रिस्तीच्या मिरवणुकीत यात्रेकरूंना व्हेनिसच्या सरदारांशेजारी चालण्याचा मान मिळे. परस्थ हा येथे केवळ बघ्या नव्हता. नगराच्या विधीत त्याला नेमून दिलेली जागा होती.

या पाहुण्यांची व्यवस्था प्रजासत्ताकाने कोणाच्या मर्जीवर सोडली नव्हती. तेराव्या शतकापासून ‘तोलोमाझी’ नावाचे वाटाडे सरकारी नियमांखाली काम करीत. सान मार्को व रिआल्तो येथे हजर राहून यात्रेकरूंना उतारा मिळवून देणे, नाणी बदलून घेण्यास साहाय्य करणे आणि जहाजाच्या मालकाशी करार करताना मध्यस्थी करणे, ही त्यांची कामे होत. व्यापाऱ्यांवरील देखरेख तर याहून कडक होती. जर्मन व्यापाऱ्यांनी ‘फोंदाको देई तेदेस्की’ या इमारतीतच उतरावे आणि आपले व्यवहार तेथील अधिकाऱ्यांच्या देखत करावेत, असा दंडक होता. ‘फोंदाको’ हा शब्द अरबी ‘फुंदुक’ या शब्दावरून आला; आणि ‘फुंदुक’चे मूळ ‘सर्वांना स्वीकारणारी जागा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. सर्वांचे स्वागत सुचविणारा शब्द व्हेनिसमध्ये परस्थावर नजर ठेवणाऱ्या वास्तूचे नाव झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. स्वागत आणि नियंत्रण ही तेथे एकाच धोरणाची दोन अंगे होती.

सोळाव्या शतकात नगरदर्शनाला ग्रंथरूप आले. फ्रांचेस्को सान्सोव्हिनो याने १५६१ मध्ये व्हेनिसमधील उल्लेखनीय गोष्टींवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते एक व्हेनिसकर आणि एक परस्थ यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेले आहे. त्यात प्रासाद व चित्रे यांच्याबरोबरच जुन्या चालीरीती, पोशाख, अधिकारपदे आणि न्यायाधिकारी यांचाही समावेश आहे. म्हणजे तेव्हाचे ‘प्रेक्षणीय’ हे चालते नगर होते, आणि त्याचे स्पष्टीकरण करणारा त्या नगराचा नागरिक होता.

अठराव्या शतकात हे चित्र पालटू लागले. राज्याचे सामर्थ्य ओसरत चालले होते आणि कार्निव्हालसाठी येणाऱ्या श्रीमंत परदेशीयांचा ओघ मात्र वाढत होता. कानालेत्तोची (१६९७–१७६८) नगरदृश्ये जोसेफ स्मिथ या मध्यस्थामार्फत इंग्लंडला जाऊ लागली. स्मिथचा संग्रह १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्जने विकत घेतला. नगर आता भिंतीवर टांगता येऊ लागले. १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडाले. स्वर्गारोहणाच्या सणाला ज्या नौकेतून जाऊन डोज समुद्राशी विवाह लावी, ती ‘बुचिंतोरो’ नौका पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी नष्ट केली. तोवर डोजचे खाजगी प्रार्थनामंदिर असलेले सान मार्को १८०७ मध्ये नगराचे मुख्य चर्च झाले. वास्तू उभ्या राहिल्या; ज्या राज्यव्यवस्थेने त्यांना अर्थ दिला होता, ती मात्र उरली नाही. १८४६ च्या रेल्वेपुलाने आणि १९३३ च्या रस्त्याच्या पुलाने परस्थाचा आठवड्यांचा मुक्काम एका दिवसावर आणण्याची सोय करून दिली.

या स्थित्यंतराचे परिणाम आकड्यांत दिसतात. १९५१ मध्ये ऐतिहासिक नगराची लोकसंख्या सुमारे १,७५,००० होती. २०२२ मध्ये ती ५०,००० च्या खाली गेली. २०२१ मध्ये मोठ्या प्रवासी जहाजांना जुदेक्का कालव्यात बंदी झाली, आणि २०२४ मध्ये ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरो प्रवेशशुल्क बसले. जुन्या प्रजासत्ताकाच्या नियमांशी या शुल्काची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तोलोमाझी परस्थाच्या व्यवहाराची काळजी वाहत. शुल्क केवळ त्याची गणती करते.

तथापि जुने नाते सर्वस्वी लोपले आहे, असे म्हणता येत नाही. १५७५–७७ च्या प्लेगनंतर सुरू झालेला रेदेन्तोरेचा उत्सव आजही जुलैत होतो आणि त्या वेळी जुदेक्का कालव्यावर तात्पुरता पूल बांधला जातो. मोटारनौकांच्या लाटांनी होणाऱ्या हानीच्या निषेधार्थ १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्होगालोंगा’ या सुमारे ३० किलोमीटरच्या नौकाफेरीत परदेशीयही वल्ही मारतात. या दोन्ही प्रसंगी परस्थाला पुन्हा सहभागी होता येते. परंतु त्यासाठी उत्सव साजरा करणारे नागरिक नगरात राहत असले पाहिजेत. सान्सोव्हिनोच्या पुस्तकात प्रश्न विचारणारा परस्थ आहे आणि उत्तर देणारा व्हेनिसकर आहे. प्रश्न विचारणारे आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. व्हेनिसच्या रक्षणाचा विचार पाषाणांइतकाच उत्तर देणाऱ्यांचाही झाला पाहिजे, हे या इतिहासाचे तात्पर्य होय.