बार भरण्याची भाषा

‘यंदा मुलीच्या लग्नाचा बार उडवून टाकू’ असं घरातला कर्ता माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी ठासणीच्या बंदुकीची भाषा असते. बार हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ ओझं. संस्कृत ‘भार’ आणि फारसी ‘बार’ ही एकाच घराण्यातली भावंडं. धान्याच्या पोत्यांना आपण बारदान म्हणतो, त्यातला बारही हाच: ओझं ज्यात राहतं ते बारदान. बंदुकीच्या नळीत दारू, बोळा आणि गोळी मिळून जे ओझं घालायचं, तो झाला बंदुकीचा बार. पुढे ते ओझं पेटल्यावर होणाऱ्या आवाजालाही बारच म्हणू लागले आणि तिथून तो दिवाळीत, लग्नात आणि निवडणुकीच्या बातम्यांत शिरला.

इंग्रजीतही शब्द असेच चालत आले आहेत. बंदूक ‘लोड’ करायची, म्हणजे तिच्यावर ओझं लादायचं. दारूच्या मापाला ‘चार्ज’ म्हणतात. त्याचं मूळ उत्तरकालीन लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ गाडीत माल भरणे असा होता. फारसी, इंग्रजी, लॅटिन, तिन्हीकडे बंदूक भरणं हे हमालाचं काम ठरलं.

हे सगळं आठवायचं कारण एक छंद आहे. तो मुख्यतः अमेरिकेत आणि थोड्याफार प्रमाणात ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मनापासून जोपासला जातो. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेम मारणारे नेमबाज दुकानातलं तयार काडतूस सहसा वापरत नाहीत. ते स्वतःच्या हातानं एकेक काडतूस भरतात. त्याला ते हँडलोड म्हणतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद इथे रुजला नाही. पण त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला मराठीत शब्द मात्र जुना आणि चांगला आहे.

पोलिसांच्या बातमीत घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडतात. त्या छंदवाल्याच्या मेजावरही पहिली वस्तू तीच: एकदा उडालेली पितळेची पुंगळी. बार उडतो त्या दाबानं पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या कोठीचा आकार घेते. तिला पोलादी साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायचं, लांबी वाढली असेल तर तोंड कातरायचं, बुडाशी दारू पेटवणारी नवी टोपी बसवायची. मग नाजूक काट्यावर दारू तोलायची, छोट्या नरसाळ्यातून ती आत सोडायची आणि तोंडात गोळी ठरावीक खोलीपर्यंत दाबायची. गोळी किती आत गेली हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला, तरी हजार यार्डांवर गोळी काही इंच वरखाली लागते. म्हणून सगळी मेहनत पन्नास काडतुसं एकमेकांसारखी व्हावीत यासाठी.

दारू तोलतात ती ‘ग्रेन’मध्ये. ग्रेन म्हणजे दाणा, जवाचा दाणा. आपल्या सोनारांनी गुंज घेतली, इंग्रजांनी जव घेतला. दोघांनीही निसर्गात सारखा पिकणारा दाणा शोधला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. कंपनी सरकारनं १८३३मध्ये तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनचा आणि १८३५चा कंपनीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. आता गंमत पाहा: पॉइंट थर्टी व्यासाच्या रायफलींसाठी अमेरिकेत जी गोळी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, तिचं एक नेहमीचं वजन १८० ग्रेन आहे. म्हणजे नेमकी एक तोळ्याची गोळी. दारूचा काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, तो भाग म्हणजे गुंजेचा जेमतेम एकोणिसावा हिस्सा. जुन्या सराफ्यातल्या माणसालाही इतकं बारीक तोलताना श्वास रोखावा लागला असता.

वजनावरून नाव देण्याची रीतही बंदुकांच्या भाषेत दिसते. बारा बोरची बंदूक म्हणजे तिच्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात बारा होतात ती. अमेरिकी लष्करानं १८७३मध्ये स्वीकारलेल्या काडतुसाचं नाव ‘फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टी’: गोळीचा व्यास इंचाचा पंचेचाळीस शतांश आणि आत काळी दारू सत्तर ग्रेन. काडतुसाच्या नावातच बार सांगितलेला.

‘बंदूक’ या शब्दाची कथा मला यापेक्षाही आवडते. अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट, त्या थंड मुलखातलं लहानसं गोल कवचाचं फळ. ते काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावरच्या पोंटसमधून येई म्हणून ग्रीकांनी त्याला पोंटसचं नाव दिलं आणि त्याचंच अरबांच्या तोंडी बुंदुक झालं. फळ गोल, म्हणून मातीच्या किंवा शिशाच्या गोल गोळीलाही बुंदुक म्हणू लागले. ती गोळी तेव्हा धनुष्यातून, गलोलीसारखी मारत. इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स १२६० ते १२७७ या काळात गादीवर होता. त्याला बुंदुकदारी म्हणत, कारण त्याचा पहिला धनी बुंदुकदार होता, म्हणजे सुलतानाचं गोळ्यांचं धनुष्य सांभाळणारा. तेव्हा त्या दरबारात आजच्यासारखी बंदूक कुणी पाहिलेली नव्हती. हत्यार नंतर आलं, आणि आधी गोळीला असलेलं नाव त्यानं उचललं. व्हेनिसला अरबीत अल-बुंदुकिया म्हणतात, म्हणून बंदूक तिकडून आली अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. पण बैबर्सचं नाव समोर असताना मला फळाचीच बाजू बळकट वाटते. आपण ज्याला बंदूक म्हणतो ते मुळात तिच्या पोटातल्या ऐवजाचं नाव आहे.

दारूचंही तसंच. फारसीत दारू म्हणजे औषध. दवादारू हा आपला जोडशब्द त्या अर्थाची आठवण आजही टिकवून आहे. मोल्सवर्थच्या कोशात दारूचे मद्य आणि बंदुकीची दारू असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. स्फोटक भुकटीला औषधाचं नाव मिळण्याचं कारण फार पूर्वेला, चीनमध्ये सापडतं. तिथे तिला ‘हुओयाओ’ म्हणतात, म्हणजे अग्नीचं औषध. तांग काळातले किमयागार आयुष्य वाढवणारं रसायन शोधत असताना सोरा, गंधक आणि कोळशाच्या मिश्रणानं त्यांच्या हातात पेट घेतला. सोऱ्याला अरब ‘चीनचं बर्फ’ म्हणत. हिंदीतल्या ‘बारूद’चं मूळही सोऱ्याच्याच नावात आहे, तेराव्या शतकातला वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार हा शब्द त्या अर्थानं वापरतो. आणि ‘गोळी’? वैद्याच्या पुडीतलीही तीच, बंदुकीतलीही तीच. दारूगोळा हा शब्द अक्षरशः घेतला तर तो औषधांच्या दुकानावर लावायची पाटी आहे.

मुंबईत रे रोडजवळ दारूखाना नावाची वस्ती आहे. जुनी जहाजं तोडण्यासाठी ती प्रसिद्ध. नाव ऐकून नवख्याला गुत्ता आठवतो, पण ते नाव बंदुकीच्या दारूच्या कोठारांचं. गडकोटांवरचे दारूखानेही तेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरचा दारूखाना कुठे असावा हे सांगितलं आहे: घरांपासून दूर. शिवाय दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावं, पुन्हा मोहोर करून ठेवावी, अशी ताकीद आहे. ओलावा म्हणजे फुसका बार, हे अमात्यांना पुरतं ठाऊक होतं. मला आज्ञापत्रातला हा भाग राजनीतीच्या मोठ्या सूत्रांइतकाच मोलाचा वाटतो, कारण तो लिहिणाऱ्यानं दारू हातात घेतलेली आहे.

काडतूस मात्र पश्चिमेकडून आलं. पोर्तुगीज ‘कार्तुशु’, त्यामागे फ्रेंच ‘कार्तूश’, त्याही मागे इटालियन ‘कार्तोच्चो’: कागदाची सुरळी. मूळ ‘कार्ता’ म्हणजे कागद. पिस्तूलही त्याच पोर्तुगीज वाटेनं गोव्याच्या बाजूनं आपल्यात शिरलं. हिंदीत ‘कारतूस’ राहिलं, मराठीत रेफाच्या जागी ‘ड’ आला. आपल्या ‘काडी’नं त्याला ओढून घेतलं असावं असं मला वाटतं. सुरुवातीचं काडतूस ही खरोखरच कागदाची पुडी होती. मापाची दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली. शिपायानं ती दातानं फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजानं ठासायची. १८५७मध्ये एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती याच दातांच्या कृतीमुळे, त्या कागदाला लावलेल्या चरबीमुळे. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या फ्रेंच सैनिकांना देवळांच्या भिंतींवरच्या लंबगोल चौकटी काडतुसांसारख्या दिसल्या, म्हणून राजांची नावं कोरलेल्या त्या चौकटींना आजही पुरातत्त्वात ‘कार्तूश’ म्हणतात. पुढे शांपोलियोंनं प्राचीन लिपीचं कोडं सोडवलं ते या ‘काडतुसां’तली नावं वाचून.

कागद जाऊन पितळ आलं, पण नाव कागदाचंच राहिलं. पुण्याजवळ खडकीला १८६९पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथल्या काडतुसांच्या बुडावर रोमन लिपीत ‘के एफ’ अशी दोन अक्षरं ठोकलेली असतात, किर्की फॅक्टरीची. गावाचं नाव पाट्यांवर खडकी झालं, पण पितळेवर किर्कीच कोरलेलं राहिलं.

रायफल हा शब्द जर्मन धातूपासून आला, त्याचा अर्थ खाचा पाडणे. नळीच्या आत पेचदार खाचा असतात, त्या गोळीला गिरकी देतात, आणि गिरकीमुळे ती हवेत डगमगत नाही. हे शास्त्रानं मांडणाऱ्यांत बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती मोठा. १७४२मध्ये त्यानं एक जड लंबक टांगून त्यावर गोळी मारली आणि लंबक किती मागे गेला यावरून गोळीचा वेग काढला. आज हँडलोड भरणारा नेमबाज इलेक्ट्रॉनिक यंत्रानं प्रत्येक गोळीचा वेग मोजतो, तेव्हा तो रॉबिन्सचंच काम पुढे नेत असतो. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून इकडे आला आणि १७५१मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. त्याचं हे काम आपल्या भूमीवर थांबलं, हे आपल्या शाळांतल्या पुस्तकांत कुठे दिसत नाही याचं वाईट वाटतं.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं तीर्थ म्हणावं असं ठिकाण न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर होतं. क्रीड नावाच्या कुटुंबाची शेती होती, तिच्यावरून त्या मैदानाचं नाव क्रीडमूर पडलं. १८७४च्या सप्टेंबरात तिथे आयर्लंड आणि अमेरिकेचे संघ ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले. आयरिश लोकांच्या हाती तोंडातून ठासायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांच्या हाती मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली. तीन गुणांचा फरक! ठासणीच्या बंदुकीनं शेवटपर्यंत पाठ सोडली नव्हती. कारण उघड आहे: ठासणीवाला प्रत्येक बार हातानंच भरतो, तो जन्मजात हँडलोडर. ते मैदान केव्हाच गेलं, पण २००७मध्ये आलेल्या लांब पल्ल्याच्या एका लोकप्रिय काडतुसाच्या नावात क्रीडमूर टिकून आहे.

ठासणे हे क्रियापद मराठीनं किती मनावर घेतलं आहे! आपण ठासून भरतो, ठासून सांगतो. गजानं दारू घट्ट बसवल्याशिवाय बार जोरात उडत नाही, हा अनुभव वाक्प्रचारात उतरला. आजचे हँडलोडर काही वेळा पुंगळीत दारू इतकी भरतात की गोळी बसवताना ती दाबली जाते. अशा भरणीचं इंग्रजी नाव ‘कॉम्प्रेस्ड लोड’. मराठीत तिला ठासलेला बार म्हणायला काहीच हरकत नाही. उलट टोकाला फुसका बार. दिवाळीत तो हसण्यावारी जातो, पण रायफलीत तो जिवावर बेततो: दारू कमी पडली किंवा पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या धक्क्यानं गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागोमाग दुसरा बार उडवला तर नळी फाटते. म्हणून गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या एका लाकडी ठोकळ्यात उभ्या करून प्रत्येकीत दिव्याचा उजेड पाडून दारूची पातळी बघायची, हा या छंदातला न मोडायचा नेम.

नेम हा शब्द मुद्दाम वापरला. तो ‘नियम’चाच झिजलेला धागा. नित्यनेमातला नेम आणि नेमबाजीतला नेम वेगळे नाहीत. रोज तेच, तसंच, त्याच वेळी करणं हा एक नेम. डोळा, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणं हा दुसरा. ‘त्याचा काही नेम नाही’ असं आपण ज्या माणसाविषयी म्हणतो, त्याच्या हातचं काडतूस कुणी वापरू नये.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं आणि त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक. या प्रकारांत पॉइंट टू-टूचं काडतूस चालतं. त्याची स्फोटक लेप असलेली कड बार उडताना चेपली जाते, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मग वरच्या पातळीवरचे नेमबाज कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या रायफलीत घालून पाहतात आणि जिच्यातून लक्ष्यावर छिद्रांचा सगळ्यात लहान झुबका पडतो, ती खेप राखून ठेवतात. आपली वर्तमानपत्रं पदकानंतर ‘अचूक नेम’ असा मथळा देतात आणि तिथेच थांबतात. त्या खेपेची निवड कशी झाली, रायफलीनं कुठला बार पसंत केला, हे क्रीडावार्ताहरांनी एकदा विचारावं. लिहायला बार, पुंगळी, ठासणी, खेप, झुबका असे सगळे शब्द त्यांच्या हाताशी आहेत.