गुरूचें नांव आणि एक सिनेगीत

रचनेच्या पहिल्या पानावर गुरूचें नांव छापून ती त्यास अर्पण करावी, ही युरोपांतील संगीतकारांची जुनी रीत. मॉरिस राव्हेल यानें १९०१ सालीं पियानोसाठीं लिहिलेली ‘पाण्याचे खेळ’ या अर्थाच्या नांवाची रचना आपले गुरु गाब्रिएल फोरे यांस अशीच अर्पण केली. मुंबईच्या सिनेसंगीताला असें पहिलें पान कोठून असणार? तेथें एका शिष्यानें गुरूचें नांव थेट गाण्याच्या तोंडींच घातलें.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालीं गोव्यांतील माजोर्डें गांवीं झाला. वडील चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक. पोर्तुगीज अंमलाखालील त्या गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. या विद्येचा लाभ पुढें चर्चपेक्षां मुंबईच्या स्टुडिओंनींच अधिक उठविला, हें गमतीचेंच. गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागले.

त्या काळीं बहुतेक संगीत-दिग्दर्शक चाल पेटीवर बांधीत. ती वाद्यवृंदास वांटून देणें, कोणत्या वाद्यानें कोणता स्वर कोठें धरावयाचा हें कागदावर उतरविणें, दोन कडव्यांमधील जागा भरून काढणें, हें काम ‘अरेंजर’चें, आणि तो पुष्कळदां गोव्याकडील असे. पडद्यावरील नामावळींत त्याचें नांव क्वचितच झळके. गोन्साल्विस या कामांत निष्णात होते.

वांद्र्याच्या घरीं ते व्हायोलिन शिकवीत. राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य. ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव प्यारेलाल हेहि. १९४० सालीं जन्मलेल्या या मुलावर संसाराचा भार लहानपणींच पडला व तो स्टुडिओंतून वाजवून पैसे मिळवूं लागला. मंगेशकर भावंडांच्या सुरील कला केंद्रांत त्याची गांठ विलेपार्ल्याच्या लक्ष्मीकांत कुडाळकरांशीं पडली, आणि १९६३ च्या ‘पारसमणि’पासून ही जोडी घरोघर ठाऊक झाली.

गुरूची ओढ निराळी होती. हिंदुस्थानी राग पाश्चात्य वाद्यवृंदास पेलवावा, ही त्यांची आकांक्षा. १९५८ सालीं त्यांनीं आपला वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत मैफल केली. गायिका लता मंगेशकर, गायक मन्ना डे. सारंग रागावरील कंचेर्टो, तोडी थाटांतील व्हायोलिनची रचना, हा त्यांच्या लेखणीचा खरा संसार. परंतु अशा संगीतावर कोणाचें पोट भरणार? १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेंतील सिरॅक्यूज विद्यापीठांत गेले. परतल्यावर सिनेमाकडे पाठ फिरवून माजोर्ड्यांत राहिले.

मनमोहन देसाईंच्या १९७७ सालीं पडद्यावर आलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ची गाणीं होत होतीं. ख्रिस्ती नायकाच्या गाण्यासाठीं आडनांव हवें होतें. प्यारेलाल यांनीं गोन्साल्विस हें सुचविलें. आनंद बक्षींनीं तें शब्दांत गोंविलें, किशोरकुमारांनीं गाइलें. पडद्यावर ईस्टरच्या मेजवानींत एका प्रचंड अंड्यांतून अमिताभ बच्चन बाहेर येतात आणि आपलें नांव सांगतात. गुरुदक्षिणेला यापेक्षां अवखळ वेष क्वचितच चढला असेल. सारंगाचा कंचेर्टो लिहिणाऱ्या गंभीर माणसाला ही थट्टा कितपत रुचावी, अशी शंका कोणासहि येईल. परंतु ज्या व्यवसायानें अरेंजरचें नांव नामावळींतहि क्वचितच येऊं दिलें, त्याच व्यवसायाच्या हातून तें देशभर गाजलें, आणि तेंहि कोणाची परवानगी न मागतां. ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांना तें कल्पित वाटलें, ही गोष्ट वेगळी.

गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजीं वारले. ते कोण होते हें सांगतांना वृत्तपत्रांना त्याच गाण्याचा आधार घ्यावा लागला. २०२४ सालीं प्यारेलाल यांस पद्मभूषण मिळालें.