खनिज तेल अभियांत्रिकीतील स्प्रेडशीट

तेलसाठ्याची व उत्पादनाची गणिते संगणकावरील तक्त्यात सूत्रे घालून सोडवण्याची पद्धत. मुंबई हाय हे क्षेत्र 1974 मध्ये सापडले, 1976 मध्ये तेथून तेल येऊ लागले. व्हिजिकॅल्क हा पहिला लोकप्रिय तक्ता मात्र 1979 चा. त्यापूर्वीची ही आकडेमोड आलेखकागदावर वा मोठ्या संगणकांवर होई.

क्षेत्रफळ, थराची जाडी, सच्छिद्रता आणि तेलसंपृक्तता यांच्या गुणाकाराला तेलाच्या आकारमान-गुणकाने भागले की मूळ साठा मिळतो. उत्पादनातील घट आर्प्स यांच्या 1945 च्या सूत्रांनी काढतात: रोज 1000 पिंपे देणारी विहीर वार्षिक 0.1 या घातांकी दराने घटली, तर पाच वर्षांनी सुमारे 607 पिंपे देते.

खरा धोका एककांचा असतो. हेक्टरच्या स्तंभात एकरातील आकडा शिरला, तर साठा जवळपास अडीच पट फुगतो आणि तक्ता कोणतीही सूचना देत नाही. म्हणून प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर एकक लिहिलेच पाहिजे.